सेझार आणि क्वर्टी: एकाच घरातले दोन टाइपरायटर

डिचोलीच्या आमच्या घरात खिडकीजवळच्या मेजावर दोन टाइपरायटर शेजारी शेजारी ठेवलेले असतात. दोन्ही ऑलिवेत्तीचे, दोन्ही बुटके, दोन्ही चेनच्या पिशवीत घालून खांद्याला अडकवता येतील असे. आजोबांचा लेतेरा २२ आणि बाबांचा लेतेरा ३२. एक लिस्बनहून आलेला, दुसरा आमच्या शेजारच्या तारवट्याने, म्हणजे खलाशाने, बोटीवरून आणून दिलेला. घरी आलेलं माणूस दोन्हींवर हात फिरवतं आणि आजोबांच्या यंत्राशी थांबून विचारतं, "अगो, ह्याची अक्षरं कोणी विस्कटली?"

कोणी विस्कटलेली नाहीत. गोव्यातल्या जुन्या घरांतून, वकिलांच्या कचेऱ्यांतून अजूनही अशी यंत्रं निघतात आणि "कळा उलटसुलट बसवल्यात" म्हणून भंगारात जातात. ते थांबावं म्हणून हे लिहिते आहे.

बाबांच्या यंत्रावर अक्षरांची वरची ओळ क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय अशी सुरू होते. हीच क्वर्टी. अमेरिकेतल्या शोल्सच्या यंत्रातून ती आली, रेमिंग्टनने १८७४ मध्ये बाजारात आणली, आणि आज आपल्या मोबाइलवरही तीच आहे. आजोबांच्या यंत्रावर त्याच ओळीची सुरुवात एच, सी, ई, एस, ए, आर अशी होते. पहिला एच सोडला तर उरतं ते सेझार, म्हणजे सीझरचं पोर्तुगीज नाव. म्हणून आमच्या घरात त्या यंत्राला सेझारच म्हणतात. ही मांडणी पोर्तुगालमध्ये हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत, १७ जुलै १९३७ च्या हुकूमनाम्याने ठरवून दिली गेली. पोर्तुगीजमध्ये क्षणोक्षणी लागणारी ए, ई, एस, आर ही अक्षरं तिच्यात वरच्या ओळीत एकमेकांना खेटून बसली आहेत. क्वर्टीवर मात्र ए डाव्या करंगळीखाली, मधल्या ओळीच्या टोकाला.

दोन्ही ओळी एकाखाली एक लिहून पाहा. सहा जागांपैकी एकाच जागी एकच अक्षर येतं, तिसऱ्या जागी ई. बाकी सगळं वेगळं. क्वर्टीच्या सवयीने सेझारवर इंग्रजी ‘ट्री’ टाइप करायला गेलात तर टी, आर, ई, ई ऐवजी कागदावर ए, एस, ई, ई उमटेल. यंत्र बरोबर आहे, बोटं दुसऱ्या भाषेत चाललेली आहेत.

आकड्यांच्या बाबतीत मात्र फसू नका. सेझारवर १ आणि ० नाहीत हे पाहून लोकांना वाटतं की दोन कळा तुटून पडल्या. १ साठी लहान एल, शून्यासाठी मोठा ओ वापरायची पद्धत होती. उद्गारचिन्ह हवं असेल तर आधी अपॉस्ट्रॉफी, मग बॅकस्पेस, मग त्याच जागी पूर्णविराम. क्वर्टीच्याही पुष्कळ जुन्या यंत्रांवर १ नव्हताच, तेव्हा हा फरक दोन मांडण्यांमधला नव्हे.

खरा फरक डेड कीमध्ये आहे आणि त्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सेझारचं सगळ्यात मोठं नुकसान याच कळेच्या गैरसमजातून होतं.

टाइपरायटरची साधी कळ एका दाबात दोन कामं करते. टाइपबार, म्हणजे टोकाला अक्षर असलेली दांडी, उसळून शाईच्या रिबनवर आपटतो, अक्षर उमटतं, आणि त्याच वेळी आतली एक पट्टी ढकलली जाऊन कॅरेजची, म्हणजे कागद धरून सरकणाऱ्या भागाची, अडण सुटते. कॅरेजला स्प्रिंगचा ओढा असतोच, ती एक घर पुढे सरकते. डेड कीमध्ये पहिलं काम होतं, दुसरं होत नाही. खूण उमटते, कॅरेज जागची हलत नाही. पोर्तुगीजमध्ये अक्षरांच्या डोक्यावर ज्या खुणा येतात, त्यांच्यासाठी ही सोय. ‘सांव जुआंव’ म्हणजे आपला सांजांवचा सण. त्यात ए वर जी नागमोडी रेघ येते, तिला तील म्हणतात. आधी तीलची कळ दाबायची, कॅरेज तिथेच थांबते, मग ए दाबायचा, आणि दोन्ही एकाच घरात येतात. बॅकस्पेसला हात लावावा लागत नाही.

माझी आत्या सावंतवाडीला मराठी टंकलेखन करायची. तिला हे सांगायला गेले तर तिने हातानेच मला थांबवलं. मराठीच्या यंत्रावर उकार, मात्रा, अनुस्वार यांच्या कळा अशाच डेड असतात. नाहीतर ‘कु’ मधला उकार क च्या पायाशी न बसता वेगळ्याच घरात पडेल. आयुष्यभर बोटांनी केलेली गोष्ट तिने एका क्षणात ओळखली. सेझारच्या पुढ्यात बसलेली आत्या मला त्या दिवशी कुठल्याही इंग्रजी टायपिस्टपेक्षा त्या यंत्राच्या जवळची वाटली. पोर्तुगीज तिला अवाक्षर येत नाही.

आता नुकसानीचं सांगते. काही वर्षांपूर्वी मी सेझार एका दुरुस्तीवाल्याकडे दिला होता. रिबन उलट फिरत नव्हती, तक्रार तेवढीच. यंत्र परत आलं तेव्हा रिबन छान फिरत होती आणि तीलची कळ "चालू" झाली होती. कळ दाबूनही कॅरेज सरकत नाही, म्हणजे बिघाड आहे असं समजून त्यांनी आतली दांडी वाकवून ती बाकीच्यांसारखी केली. मनापासून काम केलं होतं. पण मग आधी तील उमटायचा, कॅरेज सरकायची आणि ए एकटा पुढे बसायचा. ती दांडी पुन्हा मूळ वाकावर आणायला मला दोन पावसाळे लागले. म्हणून यंत्र कुणाच्याही हाती देताना मी आता कळेवर दोरा बांधते आणि सांगते, ही हलत नाही ती तशीच हवी.

अडकलेली कळ आणि डेड की यांतला फरक पाहायला अर्धा मिनिट पुरतो. अडकलेल्या कळेचा टाइपबार जड उठतो किंवा वर जाऊन तिथेच रेंगाळतो. डेड कीचा टाइपबार बाकीच्यांइतकाच चपळ उठतो, चपळ परततो. फक्त कॅरेज शांत असते. शिवाय तिच्या टाइपावर कोरलेली असते एखादी खूण, पूर्ण अक्षर नव्हे.

टाइपावर म्हटलं ते मुद्दाम. यंत्र सेझार आहे की क्वर्टी हे ठरवताना कळांच्या टोप्यांवर भिस्त ठेवू नका. टोप्या उपटून दुसऱ्या बसवता येतात, वर कागदी अक्षरं चिकटवलेली असतात. टाइप मात्र टाइपबारच्या टोकाला डाग देऊन पक्के केलेले असतात. कळ हळूच अर्धी दाबा, टाइपबार वर येऊ द्या, आणि त्यावरचं उलटं अक्षर पाहा. तेच कागदावर उमटणार. आणि म्हणूनच नुसत्या टोप्या बदलून सेझारचा क्वर्टी होत नाही. तसा प्रयत्न केलेलं एक यंत्र मी पाहिलं आहे. कळेवर एक आणि कागदावर भलतंच.

आणखी एक: पोर्तुगीज खुणा आहेत म्हणून यंत्र सेझारच असेल असं नाही. तील आणि शेपटीवाला सी असलेली, पण क्वर्टी मांडणीची यंत्रंही बनली. पहिली सहा अक्षरं वाचल्याशिवाय निकाल देऊ नये.

माझा हा सगळा जीव का गुंतला, तर माझं काम. जमिनीचे जुने पोर्तुगीज दस्तऐवज वाचून त्यांचं मराठी करून देते. त्यांची स्वच्छ प्रत मी सेझारवर काढते. दस्तातली वाक्यं अर्धं पान चालतात; चतुःसीमा, वारस, वाटणी, सगळं एका दमात. संगणकावर मी ती वाक्यं डोळ्यांनी पुसत जाते. सेझारवर प्रत्येक अक्षराला बोट द्यावं लागतं, आणि खोडायची सोय नसल्यामुळे हात उचलण्याआधी मन ठरतं. एकदा अशीच प्रत काढताना एका वारसाच्या नावावर दोन पानांत दोन वेगळ्या खुणा असल्याचं लक्षात आलं. डोळ्यांना जे तीन वाचनांत दिसलं नव्हतं ते बोटांना पहिल्याच फेरीत अडलं. या यंत्रांवर मी प्रेम करते ते ती जुनी म्हणून नाही, ती मला नीट वाचायला लावतात म्हणून.

दस्त कोणत्या यंत्रावर झाला हेही आता कागद पाहून थोडंफार कळतं. तील आणि शेपटी यंत्राचीच असेल तर पोर्तुगीज यंत्र. अक्षरं छापील पण खुणा शाईपेनाने वरून घातलेल्या असतील तर बहुधा इंग्रजी यंत्र, कारण त्यावर त्या खुणा नव्हत्याच. खुणा अजिबात नसल्या तर नावं जुळवताना मी दुप्पट सावध होते. आणि रकमेत डॉलरचं चिन्ह दिसलं म्हणून दचकू नका. १२० पुढे ते चिन्ह आणि पुढे दोन शून्यं म्हणजे एकशेवीस एस्कुद. पोर्तुगीज पद्धतीत ते चिन्ह दशांशाच्या टिंबाच्या जागी येत असे. गोव्यात १९५८ मध्ये रुपयाच्या जागी एस्कुद आला, एका रुपयाला सहा या दराने. एका अशिलाने मला विचारलं होतं की पणजोबांनी शेत अमेरिकेला विकलं होतं का. त्यांचा चेहरा खरोखर काळजीत पडलेला होता.

निगा राखण्यात मात्र सेझार आणि क्वर्टी यांच्यात काडीचाही फरक नाही. गोव्याची हवा दोघांनाही सारखीच छळते. जून ते सप्टेंबर ओल, वर्षभर खारट वारा. टाइपबारवर तांबूस ठिपके येतात आणि पिशवीच्या आतल्या कापडाला बुरशी धरते. म्हणून पावसात मी यंत्रं पिशवीत बंद करत नाही. सुती पंच्याखाली उघडी ठेवते आणि दर दोन दिवसांनी प्रत्येकावर एक पान लिहिते. चालतं यंत्र गंजत नाही असं नाही, पण गंज लवकर दिसतो.

कळ जड झाली की घरोघरी पहिला उपाय तेलाचा. कृपा करून टाइपबार जिथे खाचांत बसतात तिथे तेल सोडू नका. आज कळ सैल होईल, सहा महिन्यांत तेच तेल धूळ आणि रिबनचा कचरा धरून डिंकासारखं घट्ट होईल. तिथे हवं ते साफ करणं. रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन जुन्या दातांच्या ब्रशला लावायचं, खाचा घासायच्या, कळा पंधरा-वीस वेळा मारायच्या, फडक्याने टिपायचं, पुन्हा तेच. खिडक्या उघड्या, देवघरातला दिवा विझलेला, चूल बंद. तेल हवं ते कॅरेजच्या रुळांवर, शिलाई मशीनचं, सुईच्या टोकावर मावेल इतकं. ई, ए, ओ यांच्या पोटात शाई भरून ती काळ्या ठिपक्यांसारखी उमटायला लागली की टाइप ब्रशने घासायचे. रोलरचं रबर म्हाताऱ्या माणसाच्या टाचेसारखं कडक झालं की अक्षर कागदाला टोचतं. मागे एक जादा कागद लावला तर यंत्राला आणि कानाला दोघांना बरं वाटतं. रिबनची रुंदी दोघांची सारखीच, साधारण १३ मिलिमीटर. एकाची रिबन संपली की मी दुसऱ्याची काढून लावते.

सेझारवर आजोबांचा हात इतका बसला होता की ते कळांकडे पाहत नसत. म्हापशाला नोटरीच्या कचेरीत ते लेखनिक होते. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, त्यानंतर कागद हळूहळू इंग्रजीत होऊ लागले. त्यांना इंग्रजी वाचता यायचं, लिहिता यायचं. बाबा तेव्हा टायपिंगच्या क्लासला जात, ‘ए एस डी एफ’ पाठ करत. बाबांचं यंत्र घरी आलं त्या संध्याकाळी आजोबा हौसेने त्याच्यापुढे बसले, चष्मा न लावता, आणि सवयीने एक शब्द मारला. पोर्तुगीजमधलं ‘काझा’, म्हणजे घर. सी, ए, एस, ए. बोटं आपापल्या जागी बरोबर पडली. कागदावर आलं डब्ल्यू, टी, आर, टी.

त्यांनी तो कागद फाडला नाही. खाली पेनाने तारीख घातली आणि घडी करून सेझारच्या पिशवीच्या कप्प्यात ठेवला. पावसाळ्यात पिशवी उन्हाला घालायची असते तेव्हा मी तो बाहेर काढून शब्दकोशाच्या पानांत ठेवते, आणि दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली की परत त्याच कप्प्यात.