एका गाण्याला दोन मालक कसे झाले

व्हिडिओला मागे तुकोबांचा अभंग लावला आणि क्लेम, म्हणजे 'हे गाणं आमचं आहे' असा हक्कदाराचा दावा आला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो, अरे अभंग तर साडेतीनशे वर्षांपूर्वीचा, त्यावर कसला आलाय कॉपीराइट? शब्दांवर नाहीच, ते सगळ्यांचे. पण चाल जर श्रीनिवास खळेंची असेल तर ते २०११ मध्ये गेले, आणि आपल्याकडे संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०७१ संपेपर्यंत. आणि जे रेकॉर्डिंग तुम्ही डाउनलोड करून लावलंत त्याचा हक्क पुन्हा वेगळा, तो प्रकाशित झाल्यापासून ६० वर्षं, आणि बहुतेक वेळा कंपनीकडे. म्हणजे परवानगी दोन ठिकाणी मागायची. हे एवढं गुंतागुंतीचं कुणी केलं हे समजून घ्यायचं तर तबकडीच्या काळात जावं लागतं.

१९०२ ला ग्रामोफोन कंपनीचा माणूस कलकत्त्याला आला आणि गौहर जान यांचं गाणं रेकॉर्ड झालं. तबकड्या तेव्हा जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जायच्या, गाणं संपलं की गौहर जान इंग्रजीत आपलं नाव सांगायच्या, ते आजही ऐकू येतं. गाणाऱ्याचं नाव असं तबकडीत कोरलं गेलं, पण कायद्यात मात्र नाही. ब्रिटिशांचा १९११ चा कायदा थोडेफार बदल करून १९१४ ला इथे लागू झाला आणि त्यात रेकॉर्डिंगचा 'लेखक' कोण, तर मूळ प्लेट, म्हणजे जिच्यावरून तबकड्या निघतात ती, ज्याच्या मालकीची तो. मला वाटतं पुढची सगळी भांडणं या एका ओळीतून निघाली. चालीचा हक्क एकीकडे राहिला, आवाज ज्या वस्तूवर उमटला तिचा हक्क दुसरीकडे गेला, आणि ज्याचा आवाज होता तो कुठेच नाही.

१९५७ चा आपला कायदा आला तरी ही दोन हक्कांची रचना तशीच राहिली. त्यात सिनेमा आला आणि आपल्याकडे गाणं म्हणजे सिनेमाचंच गाणं असं झालं, निर्माता एकरकमी पैसे देणार आणि विषय संपला. लताबाईंनी साठच्या दशकात गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून आग्रह धरला, रफीसाहेबांचं म्हणणं होतं की मानधन घेतलं की आपला हक्क संपला, आणि एवढ्यावरून दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. त्या भांडणाकडे आपण गॉसिप म्हणून बघतो, पण प्रश्न अगदी खरा होता आणि लताबाई बरोबर होत्या असं मला मनापासून वाटतं.

१९६९ ला गीतकार-संगीतकारांसाठी आयपीआरएस ही संस्था उभी राहिली, की हॉटेलात, कार्यक्रमात गाणं वाजलं की त्यांच्यासाठी पैसे गोळा व्हावेत. पण १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की निर्मात्याने पैसे देऊन करून घेतलेल्या गाण्याचा पहिला मालक निर्माताच, वेगळा करार नसेल तर. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याच निकालात गायकाला काहीच हक्क नाही याबद्दल खंत नोंदवली, ती खंत कायद्यात उतरायला १९९४ उजाडलं, तेव्हा कुठे कलाकाराचा हक्क म्हणून कलम आलं.

मधल्या काळात कॅसेट आली. ऐंशीच्या दशकात जुनी गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेऊन स्वस्तात विकायचा मोठा धंदा झाला, कायद्यात नोटीस आणि ठराविक रॉयल्टी देऊन तसं करायची वाट होतीच. मूळ रेकॉर्डिंग ज्यांची, त्या कंपन्या कोर्टात गेल्या. त्याचा परिणाम आज आपल्यासारख्यांवर आहे, कारण २०१२ च्या दुरुस्तीत कव्हरसाठी, म्हणजे जुनं गाणं आपण पुन्हा गाऊन रेकॉर्ड करण्यासाठी, जे नवीन कलम ३१सी आलं त्यात मूळ गाण्याला पाच वर्षं झालेली हवीत आणि वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरायची अशी अट आहे. घरी बसून गिटारवर कव्हर करणारी मुलगी हे कुठून भरणार? म्हणून कव्हर करायचं तर थेट हक्कदाराशी बोलणं किंवा व्हिडिओ जिथे टाकतो त्या प्लॅटफॉर्मने लेबलशी, म्हणजे म्युझिक कंपनीशी, केलेल्या करारावर अवलंबून राहणं, एवढंच उरतं. आणि ते कलम फक्त ऑडिओपुरतं, चित्रावर गाणं बसवायचं तर सिंक लायसन्स वेगळं लागतं, हे खूप जणांना क्लेम आल्यावरच कळतं.

पण २०१२ चीच दुरुस्ती सगळ्यात मोठी कमाई पण आहे. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते, त्यांनी हा विषय लावून धरला, आणि कायद्यात आलं की गीतकार-संगीतकाराने बाकी हक्क विकले तरी रॉयल्टीतला समान वाटा विकताच येत नाही, वारसांना किंवा आयपीआरएससारख्या कॉपीराइट सोसायटीला देता येतो तेवढाच. सिनेमाबाहेरच्या गाण्यालाही हे लागू आहे, म्हणजे स्वतः चाल बांधून लेबलला देणाऱ्यालाही. त्यामुळे करारात 'सर्व रॉयल्टीवर पाणी सोडतो' असलं काही छापलेलं दिसलं तर घाबरून सही करू नका. आणि मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षंच धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. लेबलवाले म्हणूनच 'कायमस्वरूपी, जगभर' हे शब्द आवर्जून घालतात, ती ओळ शोधा आणि तिच्यावरच घासाघीस करा.