तार सैल सोडून बॅरिटोन होत नाही

गणपती जवळ आले की आमच्या सिंधुदुर्गात गावोगावची पोरं कीबोर्ड, ऑक्टोपॅड, गिटार बाहेर काढतात, प्रॅक्टिस सुरू होते, आणि कुणा ना कुणाला गिटार खाली उतरवून बॅरिटोनसारखी, म्हणजे नेहमीपेक्षा खालच्या सुरांना लावलेल्या गिटारसारखी वाजवायची असते, जड खर्जातला आवाज पाहिजे असतो. खरी बॅरिटोन गिटार महाग, त्यात कुडाळ-सावंतवाडीकडे ती सहज बघायलाही मिळत नाही. मग कुणीतरी म्हणतं, "तार सैल सोड, झाला काम." आणि दुसरा कुणीतरी घाबरवतो की जाड तारा लावू नको हां, ताण वाढून नेक, म्हणजे गिटारची दांडी, मोडेल. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत, आणि का चुकीचे हे बारावीच्या प्रॅक्टिकलला केलेल्या सोनोमीटरवरूनच कळतं.

तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो: लांबी, ताण आणि दर सेंटिमीटरला किती वजन. लांबी दुप्पट केली की कंपनसंख्या निम्मी, ताण चौपट केला की दुप्पट, वजन चौपट केलं की निम्मी. फ्रेंच पाद्री मारँ मेर्सेन याने हे १६३६ च्या सुमारास छापलं आणि आजही तार बनवणारे हाच हिशोब करतात.

आता साधी इलेक्ट्रिक गिटार घ्या, २५.५ इंच स्केलची, म्हणजे नटपासून (खुंट्यांजवळची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (खाली तारा टेकतात ती घोडी) साधारण ६४८ मिलिमीटर. सगळ्यात जाड तार ४६ गेजची, म्हणजे इंचाच्या ४६ हजारांश जाडीची. ती ८२.४ हर्ट्झच्या ई ला लावली की ताण येतो ७.९ किलोच्या आसपास. तीच तार बॅरिटोनच्या खालच्या बी ला, म्हणजे ६१.७ हर्ट्झला उतरवली की ताण राहतो साडेचार किलो. लांबी तीच, तार तीच, मग बदलणार तो ताणच. आणि सूर पाऊणपट झाला तर ताण पाऊणाचा वर्ग, ५६ टक्के.

बरं, साडेचार किलोत बिघडलं काय, सूर तर लागला ना? इथे सोनोमीटरच्या सूत्रात लपलेली एक गोष्ट बाहेर येते, आणि मला सगळ्या ध्वनिशास्त्रात हीच सगळ्यात जास्त आवडते. ते सूत्र धरून चालतं की तार हलताना तिचा ताण बदलत नाही. खऱ्या तारेत तो बदलतो. पिक मारलं की तार बाजूला खेचली जाते, सरळ होती ती आता किंचित जास्त लांबीच्या वाटेने जाते, म्हणजे ताणली गेली, ताण वाढला, सूर चढला. मग झोका लहान होत जातो तसा सूर हळूहळू खाली येऊन मूळ जागी बसतो. सैल सोडलेल्या तारेवर मोबाईलवरचं ट्यूनर अ‍ॅप लावून जोरात पिक मारून बघा, काटा आधी उजवीकडे उडतो, मग घसरत घसरत मधे येतो. त्या तारेला एक ठरलेला सूरच नसतो, जितक्या जोरात माराल तितका वेगळा.

किती वेगळा, ते बघू. एकाच जोराने पिक मारलं तर सैल तार जास्त बाजूला जाते, ताण निम्मा तर झोका दुप्पट. बाजूला जाण्याने वाढलेली लांबी झोक्याच्या वर्गाइतकी वाढते, कारण ते पायथागोरसचं गणित आहे, झोका दुप्पट तर लांबीतली वाढ चौपट. आणि त्या वाढीमुळे आलेला जादा ताण आधीच्या ताणाच्या तुलनेत मोजायचा असतो, आधीचा ताण निम्मा म्हणजे तो परिणाम आणखी दुप्पट. दोन गुणिले दोन गुणिले दोन. ताण निम्मा केला तर सुराचं चढणं आठपट! म्हणजे ताणाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात. आपल्या ई वरून बी ला उतरवलेल्या तारेत हे येतं साधारण साडेपाचपट. फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या धातूच्या पट्टीवर, बोट दाबतानाही तार ताणली जातेच, तिथेही सैल तार जास्त बेसूर होते. म्हणून नुसती सैल सोडलेली गिटार एकट्याने हळू वाजवली तर बरी वाटते आणि कॉर्ड मारला की गढूळ होते.

तर ताण सोडायचा नाही, वजन वाढवायचं. ताण तोच ठेवून बी पाहिजे तर तार १.७८ पट जड लागते, म्हणजे जाडी १.३३ पट, ४६ च्या जागी ६१-६२. नुसती जाड पोलादी सळई लावून भागत नाही, कारण ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो आणि वरचे स्वरांश मूळ सुराच्या सरळ पटीत न राहता चढतात. म्हणून मधे बारीक पोलादी गाभा आणि त्यावर दुसऱ्या तारेचं वेटोळं: ताण गाभा घेतो, वेटोळं फक्त वजन देतं. घाटावर मिरजेला तंबोरे करणाऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, खर्जाची तार पितळेची असते कारण पितळ पोलादापेक्षा जड, आणि पुरुषांचा तंबोरा बायकांच्या तंबोऱ्यापेक्षा लांब असतो. बॅरिटोन गिटारचं स्केल २७ ते ३० इंच असतं ते ह्याच कारणाने, पण लांबी नसली तरी चालतं. १९९० साली आलेल्या आयबनेझ युनिव्हर्स ह्या सात तारांच्या गिटारचं स्केल २५.५ च होतं आणि सातवी तार बी ला.

नेक मोडण्याची भीती तर इथेच संपते, कारण जाड तार खालच्या सुराला लावली की ताण पहिल्याइतकाच. वेगळा सेटसुद्धा लागत नाही. नेहमीचा १०-४६ सेट घ्या, त्यातली १० ची तार बाजूला ठेवा, बाकीच्या पाच एकेक घर सरकवा. १३ ची पहिली होते आणि बी लाच राहते, १७ ची जी वरून अर्धा स्वर उतरून एफ शार्पला, २६, ३६, ४६ आपल्या मूळ डी, ए, ई ला, आणि सहाव्या जागी ६२ ची एक सुटी तार, म्हापशाला किंवा ऑनलाइन मिळते. झालं, बी पासून बी पर्यंत बॅरिटोन.

काम असतं ते नटवर. प्रत्येक खाच आता अरुंद पडते, सहावीची खाच १.१७ मिलिमीटरची, ती १.५७ करायची. बारीक गोल कानशीने, खाचेचा उतार खुंटीकडे ठेवून, आणि रुंद करायची, खोल नाही. खोल झाली की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खडखडते. खाच अरुंद राहिली तर तार तिथे अडकते, खुंटी फिरवली तरी सूर हलत नाही आणि मग टक्‌ करून एकदम उडी मारतो. नंतर नेकचा बाक तपासायचा: पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून आठव्याजवळ तार आणि फ्रेट यांत पाव मिलिमीटरची फट. त्यासाठी फीलर गेज कोपऱ्यावरच्या बाईकच्या गॅरेजमध्ये मिळतं, टॅपेट सेट करायला तेच वापरतात. शेवटी इंटोनेशन: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर एक यायला पाहिजे, दाबलेला चढा आला तर सॅडल, म्हणजे ब्रिजवरचा त्या तारेचा सरकता टेकू, मागे. सहावीचं सॅडल बरंच मागे जातं, स्क्रूवरची स्प्रिंग आड आली तर ती कापून आखूड करा.

खालच्या सुरांचा विषय निघाला की ४३२ हर्ट्झवाले येतातच, ज्यांना वाद्यं लावायचा ए सूर ४४० ऐवजी ४३२ हर्ट्झला हवा असतो, म्हणे ४४० ने मन अस्वस्थ होतं आणि ४३२ हे विश्वाचं कंपन. ४४० हा १९३९ साली लंडनच्या परिषदेत सगळ्यांच्या सोयीसाठी ठरवलेला आकडा आहे, आणि ४३२ म्हणजे त्याहून अर्ध्या स्वराच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याने खाली. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आणि दिवसाचे ८६,४०० सेकंद माणसाने पाडलेत. दिवसाची वाटणी वेगळी केली असती तर त्याच सुराचा आकडा वेगळा आला असता. भजनात बुवा आपल्या गळ्याप्रमाणे पट्टी घेतात, कुणाला काही बाधत नाही.

आमच्या हवेचं मात्र खरंच लक्षात ठेवायला लागतं. इकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, लाकूड ओलावा घेतं आणि नेक हलतो, म्हणून श्रावणात केलेला सेटअप दिवाळीनंतर परत फीलर गेज घालून बघायचा, ट्रस रॉड (नेकच्या आतला, बाक कमीजास्त करणारा लोखंडी दांडा) एका वेळी पाव फेऱ्याच्या वर फिरवायचा नाही. आणि खाऱ्या वाऱ्याने तारा गंजतात. गंज सगळीकडे सारखा धरत नाही, तारेचं वजन कुठे जास्त कुठे कमी होतं, मग हार्मोनिक आणि दाबलेला सूर कितीही सॅडल फिरवलं तरी जुळत नाहीत, अशी तार काढून नवीनच घालायची.