अनरूट

अनरूट : अँड्रॉइड स्मार्टफोनवर मिळवलेला रूट-प्रवेश (प्रणालीवरील सर्वाधिकार) काढून टाकून फोन निर्मात्याने दिलेल्या स्थितीकडे परत नेण्याची क्रिया. बोलण्यात ‘रूट काढणे’ किंवा ‘स्टॉकवर जाणे’ असेही म्हणतात. फोन कोणत्या टप्प्यावर पूर्ण अनरूट झाला असे मानावे याबद्दल मतभेद आहेत. त्यांचा परामर्श पुढे घेतला आहे.

अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स कर्नल, म्हणजे हार्डवेअर आणि ॲप्स यांच्यामधला प्रणालीचा गाभा, आहे. लिनक्समध्ये प्रत्येक वापरकर्त्याला एक क्रमांक असतो आणि ० हा क्रमांक रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याचा. अँड्रॉइडने या व्यवस्थेचा वेगळाच उपयोग केला : फोनवर टाकलेल्या प्रत्येक ॲपला १०००० च्या पुढचा स्वतंत्र क्रमांक मिळतो, त्यामुळे एक ॲप दुसऱ्याच्या फाइलींना हात लावू शकत नाही. फोनच्या मालकाला ० क्रमांकापर्यंत जाण्याची वाट मुळात ठेवलेली नसते. रूट करणे म्हणजे ती वाट उघडणे. त्यासाठी ‘एसयू’ नावाचा छोटा प्रोग्रॅम प्रणालीत बसवतात आणि कोणत्या ॲपला परवानगी द्यायची हे ठरवणारे एक व्यवस्थापक ॲप त्याच्या जोडीला असते. हे दोन वेगवेगळे भाग आहेत. अनरूट करताना होणारे बहुतेक घोटाळे त्यांतला एकच भाग काढल्यामुळे होतात.

आरंभ : अनरूटला ठरावीक आरंभतारीख देता येत नाही, पण ही क्रिया २००८ च्या अखेरीपर्यंत मागे नेता येते. पहिला अँड्रॉइड फोन, एचटीसी ड्रीम, अमेरिकेत ‘टी-मोबाइल जी१’ या नावाने ऑक्टोबर २००८ मध्ये विक्रीस आला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्याच्या आरसी२९ या आवृत्तीत एक विलक्षण दोष उघडकीस आला : कीबोर्डवर दाबलेली प्रत्येक कळ पडद्यावरील ॲपबरोबरच रूट अधिकारांनी चालणाऱ्या एका अदृश्य शेललाही (आज्ञा स्वीकारणाऱ्या प्रोग्रॅमलाही) पोहोचत होती. एंटर दाबून ‘रीबूट’ हा इंग्रजी शब्द टंकला आणि पुन्हा एंटर दाबले, की संदेश लिहिता लिहिता फोन बंद होऊन पुन्हा सुरू होई. याच वाटेने ‘टेलनेटडी’ हा दूरून आज्ञा स्वीकारणारा प्रोग्रॅम चालू करून लोकांनी रूट मिळवले. आरसी३० या सुधारित आवृत्तीने हा दोष बंद केला. तेव्हा ज्यांच्या फोनवर आरसी३० आधीच आली होती त्यांनी मेमरी कार्डावर ‘ड्रीआइमग’ (DREAIMG) नावाची जुनी अधिकृत फाइल ठेवून फोन आरसी२९ वर मागे आणण्यास सुरुवात केली.

अनरूटच्या दृष्टीने या फाइलीचे महत्त्व मोठे आहे. ती एचटीसीची डिजिटल सही असलेली संपूर्ण प्रणाली होती आणि चढवली की फोनवरचे सर्व बदल पुसले जात. रूटकडे नेणारी आणि रूटमधून बाहेर काढणारी फाइल एकच होती. निर्मात्याची सही असलेली पूर्ण प्रतिमा (प्रणालीची फाइलरूपातील प्रत) पुन्हा चढवणे ही अनरूटची सर्वांत जुनी आणि आजही सर्वांत खात्रीची पद्धत आहे. बाकीच्या पद्धती वेळ व डेटा वाचवण्यासाठी निघाल्या. डिसेंबर २००८ मध्ये गूगलने विकासकांसाठी विकलेल्या ‘एडीपी१’ फोनला मात्र आरंभबिंदू मानणे योग्य वाटत नाही, कारण त्यावर रूट-प्रवेश मुळातच दिलेला होता.

फाइल काढण्याचा काळ : अँड्रॉइड २ ते ४ च्या काळात एसयू हा प्रोग्रॅम सिस्टीम विभागात (साठवणीतील प्रणालीसाठी राखलेल्या भागात) बसत असे. त्या विभागावर कोणाची नजर नसल्यामुळे अनरूट करणे सोपे होते : विभाग लिहिण्याजोगा करायचा, एसयूची फाइल आणि व्यवस्थापक ॲप पुसायचे, फोन पुन्हा सुरू करायचा. ‘चेनफायर’ या नावाने परिचित असलेले डच विकासक जोरित योंग्मा यांच्या ‘सुपरएसयू’ने २०१२ च्या सुमारास हे काम ‘फुल अनरूट’ या एका पर्यायात आणले. जून २०१४ मध्ये आलेले ‘टॉवेलरूट’ कर्नलमधील फ्युटेक्स दोषाचा (सीव्हीई-२०१४-३१५३) फायदा घेऊन एका बटणात रूट देई. पण अशा साधनांचा भर रूट देण्यावर असे, काढण्यावर नव्हे. ‘किंगरूट’सारख्या साधनांनी आपल्या फाइली प्रणालीत अनेक ठिकाणी पसरवल्यामुळे त्यांचे रूट काढताना पूर्ण प्रतिमा चढवणेच श्रेयस्कर ठरत आले आहे.

फॅक्टरी रिसेट केला की रूट जाते, हा समज याच काळापासून चालत आला आहे आणि तो चुकीचा आहे. रिसेटने फक्त डेटा विभाग पुसला जातो. सिस्टीम आणि बूट (कर्नल ठेवून फोन सुरू करणारा) विभाग जसेच्या तसे राहतात. पुढच्या पिढीतील ‘मॅजिस्क’ या रूट-साधनाच्या बाबतीत तर रिसेटमुळे नुकसानच होते : मॅजिस्कने मूळ बूट प्रतिमेची राखून ठेवलेली प्रत डेटा विभागातच असते. ती पुसली गेली की पुढे अनरूट करताना मूळ प्रत सापडत नसल्याचा संदेश येतो आणि ती बाहेरून आणून चढवावी लागते.

सिस्टीमबाहेरील रूट : एसईलिनक्स ही सक्तीची नियंत्रणव्यवस्था अँड्रॉइड ४.३ मध्ये (२०१३) केवळ नोंद घेण्यापुरती आली आणि ५.० पासून पूर्णपणे लागू झाली. बूट होताना विभागांची छाननी करणारी डीएम-व्हेरिटी ४.४ पासून होती, ७.० पासून ती कडक झाली. सिस्टीम विभागात एक बाइट जरी बदलला तरी फोन सुरू होण्यास नकार देऊ शकेल, अशी ही परिस्थिती होती. म्हणून २०१५ च्या अखेरीस चेनफायर यांनी आणि २०१६ मध्ये जॉन वू यांनी ‘मॅजिस्क’द्वारे सिस्टीम विभागाला हात न लावता बूट प्रतिमेतच बदल करण्याची पद्धत आणली. पुढे कर्नलमध्येच काम करणारे ‘कर्नलएसयू’ आले.

यामुळे अनरूटची जागा बदलली. मॅजिस्कचे ॲप नेहमीच्या ॲपप्रमाणे काढून टाकल्यास बूट प्रतिमा बदललेलीच राहते; परवानगी विचारणारा भाग जातो, परवानगीची यंत्रणा मागे उरते. योग्य मार्ग ॲपमधील ‘अनइन्स्टॉल’ या पर्यायातून जातो. तिथे दोन निवडी असतात : ‘रिस्टोअर इमेजेस’ने केवळ मूळ बूट प्रतिमा परत येते, अद्यतन घेण्यापूर्वी हा पर्याय वापरतात, ‘कम्प्लीट अनइन्स्टॉल’ने मॉड्यूलांसह (मॅजिस्कला जोडलेल्या पूरक भागांसह) सर्व जाते. मूळ प्रतिमा बाहेरून आणायची असल्यास ती फोनवर असलेल्या बिल्ड क्रमांकाचीच हवी. जवळपासच्या आवृत्तीची चालेल असे समजून चढवली तर फोन बूटलूपमध्ये (पुन्हा पुन्हा सुरू होण्याच्या चक्रात) अडकतो, किंवा सुरू झालाच तर वायफाय अथवा आवाज बंद पडतो, कारण कर्नल आणि त्याची मॉड्यूले यांचा मेळ बसत नाही. अँड्रॉइड १३ सह बाजारात आलेल्या फोनांत मॅजिस्कला लागणारा भाग ‘इनिट बूट’ या वेगळ्या विभागात असतो. जुन्या मार्गदर्शिका वाचून अनरूटसाठी अशा फोनचा केवळ बूट विभाग मूळ प्रतीने बदलला तर रूट तसेच राहते.

अनरूट कशाला म्हणावे : याबाबत तीन मते दिसतात. पहिल्या मतानुसार एसयू आणि व्यवस्थापक ॲप गेले की फोन अनरूट झाला. रूट-तपासणी करणारी साधी ॲप्स हाच निकष लावतात. दुसऱ्या मतानुसार सर्व विभाग निर्मात्याच्या प्रतिमेशी तंतोतंत जुळले पाहिजेत. तिसऱ्या मतानुसार याशिवाय बूटलोडरही, म्हणजे फोन सुरू होताना प्रणाली चढवणारा प्रोग्रॅमही, पुन्हा लॉक झालेला असला पाहिजे.

पहिले मत अँड्रॉइड ५.० पर्यंत व्यवहारात पुरत होते. त्या आवृत्तीपासून मात्र अद्यतने फाइलनिहाय न येता विभागाच्या ब्लॉकांवर (साठवणीच्या लहान तुकड्यांवर) येऊ लागली. सिस्टीम विभाग एकदा जरी लिहिण्याजोगा करून जोडला, तरी त्याच्या नोंदीतील वेळ व जोडणीची संख्या बदलते. फाइली अक्षरशः त्याच असल्या तरी ब्लॉकांची पडताळणी-बेरीज जुळत नाही आणि अद्यतन अर्ध्यावर थांबते. एसयू पुसून टाकलेल्या हजारो फोनांवर अधिकृत अद्यतने का चढत नव्हती, याचे कारण इतके बारीक होते.

महाराष्ट्रातील वापरकर्त्यांच्या ओळखीचे एक उदाहरणही दुसऱ्या मताला बळ देते. अँड्रॉइड २.२ व २.३ च्या अनेक फोनांत देवनागरी फॉन्ट नसे आणि मराठी मजकुराच्या जागी चौकोन दिसत. फोन रूट करून सिस्टीममधील ‘ड्रॉइड सॅन्स फॉलबॅक’ या फॉन्टच्या जागी देवनागरी असलेली फाइल बसवणे हा तेव्हाचा उपाय होता. अक्षरे दिसू लागत, पण मांडणीयंत्रणेचा आधार नसल्याने जोडाक्षरे फुटत आणि ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे पडे. फॉन्ट बसल्यावर बरेच जण वॉरंटीच्या काळजीने अनरूट करत. एसयू जाई, बदललेला फॉन्ट सिस्टीममध्ये राही. असा फोन पहिल्या मताने अनरूट, दुसऱ्या मताने बदललेलाच. त्याच काळात अपुऱ्या साठवणीमुळे ‘लिंकटूएसडी’ या ॲपने मेमरी कार्डाच्या दुसऱ्या विभागावर हलवलेली ॲप्स रूट काढताच दिसेनाशी होत, कारण तो विभाग जोडणारी स्क्रिप्टच रूटवर चालत असे. म्हणून रूट काढण्यापूर्वी हलवलेली ॲप्स परत आणणे आणि गोठवलेली (रूट वापरून निष्क्रिय केलेली) ॲप्स सोडवणे आवश्यक असते. ही पायरी मार्गदर्शिकांत सहसा आढळत नाही.

आजच्या फोनांपुरते तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. लॉक केलेला बूटलोडरच पुढच्या प्रत्येक वेळी प्रतिमेची सही तपासण्याची हमी देतो. मात्र लॉक म्हणजे मूळ प्रणाली, असे समीकरण मांडता येत नाही : गूगलच्या पिक्सेल फोनवर सही पडताळण्याची स्वतःची किल्ली नोंदवून ‘ग्राफीनओएस’सारखी बाहेरची प्रणालीही लॉक करता येते.

लॉक करण्याचा क्रम : या टप्प्यावर चूक झाली तर फोन हातचा जातो. आधी पूर्ण अधिकृत प्रतिमा चढवायची. पडताळणी बंद करताना तिची माहिती ठेवणारा ‘व्हीबीमेटा’ विभाग बदलला असेल तर त्याचीही मूळ प्रत हवी. मग फोन एकदा पूर्ण सुरू करून पाहायचा. त्यानंतरच फास्टबूट या, संगणकावरून आज्ञा घेणाऱ्या, अवस्थेतून लॉकची आज्ञा द्यायची. तिने डेटा पुसला जातो. बूटलोडर उघडू देणारा ‘ओईएम अनलॉकिंग’ हा पर्याय सर्वांत शेवटी बंद करायचा. बदललेली प्रतिमा तशीच ठेवून लॉक केल्यास पडताळणी फसून फोन लाल इशारा दाखवणाऱ्या अवस्थेत जातो आणि पुन्हा अनलॉक करण्याची सोय नसेल तर तिथेच थांबतो. सॅमसंगच्या फोनवर बदललेली बूट प्रतिमा असताना ‘ओईएम अनलॉकिंग’ बंद केले की पुढच्या वेळी एफआरपी लॉकने (चोरलेला फोन रिसेट करून वापरता येऊ नये यासाठीच्या कुलुपाने) प्रतिमा अडवल्याचा संदेश येतो. मग ‘ओडिन’ या सॅमसंगच्या साधनाने पूर्ण फर्मवेअर (फोनची मूळ प्रणाली) चढवणे एवढाच मार्ग उरतो. शाओमीच्या ‘मी फ्लॅश’ या साधनात खालच्या पट्टीवर ‘क्लीन ऑल अँड लॉक’ हा पर्याय आधीच निवडलेला असतो. जागतिक रॉम (चीनबाहेरच्या फोनांसाठीची प्रणाली) चढवलेल्या चिनी मॉडेलवर तो तसाच राहून गेला, तर ‘एमआययूआय’ या शाओमीच्या प्रणालीची ही आवृत्ती या उपकरणावर चालणार नाही असा संदेश देऊन फोन अडून बसतो.

परत न येणाऱ्या गोष्टी : सॅमसंगच्या जुन्या गॅलेक्सी फोनांत अनधिकृत प्रतिमांची मोजणी ठेवणारा गणक आणि सुरू होताना दिसणारा पिवळा त्रिकोण असे. चेनफायर यांचे ‘ट्रायँगल अवे’ तो गणक शून्यावर आणी. २०१३ च्या सुमारास आलेल्या नॉक्स या सॅमसंगच्या सुरक्षाव्यवस्थेत या गणकाची जागा चिपमधील ई-फ्यूजने (एकदाच बदलणाऱ्या खुणेने) घेतली. तो एकदा उडाला की ० चा १ होतो आणि कोणत्याही सॉफ्टवेअरने तो मागे आणता येत नाही. सॅमसंग पे आणि सिक्युअर फोल्डर त्या फोनवर कायमचे बंद होतात. सोनीच्या बऱ्याच एक्स्पिरिया मॉडेलांत बूटलोडर अनलॉक करताच ‘टीए’ विभागातील डीआरएम (हक्कसंरक्षणाच्या) किल्ल्या नष्ट होत. त्यावर अवलंबून असलेल्या प्रतिमाप्रक्रियेमुळे कमी उजेडातील छायाचित्रे खराब येत. अनलॉकपूर्वी त्या विभागाची प्रत घेतलेली असेल तरच हे नुकसान भरून निघे. मोटोरोलाच्या बूटलोडरच्या पडद्यावर पुन्हा लॉक केलेला फोन ‘लॉक्ड’ न दिसता ‘रीलॉक्ड’ दिसतो, म्हणजे फोनचा पूर्वेतिहास तिथे नोंदलेला राहतो.

वॉरंटीच्या कायदेशीर बाजूविषयी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन युरोपने २०१२ मध्ये असे मत मांडले, की केवळ रूट केल्याने युरोपीय संघातील ग्राहकाची वैधानिक वॉरंटी संपत नाही.

भारतातील संदर्भ : भारतात रूट काढण्यामागचे प्रमुख कारण आज वॉरंटीपेक्षा पैशांचे व्यवहार हे आहे. यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये आणि भीम ॲप त्याच वर्षीच्या डिसेंबरअखेरीस आले. रूट केलेल्या फोनवर पेमेंट व बँकांची अनेक ॲप्स सुरू होत नाहीत. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२१ मध्ये डिजिटल पेमेंटच्या सुरक्षेविषयी निर्देश काढले. रूट केलेला फोन ओळखून त्यावर ॲप चालू न देण्याची व्यवहार्यता संस्थांनी तपासून पाहावी, असे त्यात म्हटले आहे. ही सरसकट बंदी नव्हे, जरी ती तशी सांगितली जाते. प्रत्यक्ष अडवणूक प्रत्येक बँक आपापल्या निकषांनी करते. त्यामुळे एकाच फोनवर एका बँकेचे ॲप चालते आणि दुसऱ्या बँकेचे चालत नाही.

निकषांचा तांत्रिक आधार बहुधा गूगलच्या सेवांचा असतो. फोनची विश्वासार्हता तपासणारी आधीची ‘सेफ्टीनेट’ ही सेवा २०२५ मध्ये बंद झाली आणि तिची जागा ‘प्ले इंटिग्रिटी’ने घेतली. तिच्या निकालात मूलभूत, उपकरण आणि सक्षम अशा तीन पातळ्या आहेत. २०२५ पासून अँड्रॉइड १३ व पुढील आवृत्त्यांच्या फोनांत उपकरण पातळीसाठीही चिपमधील किल्लीने सही केलेला पुरावा लागतो आणि त्या पुराव्यात बूटलोडर लॉक आहे की नाही याची नोंद असते. मॅजिस्क पूर्ण काढलेला, मूळ प्रतिमेशी जुळणारा, पण बूटलोडर उघडा असलेला फोन या पातळीवर अडतो.