आंशिक गुडघेबदल आणि एमआरआयवरचे एसीएल : पार्श्वभूमी

गुडघ्याचा झिजलेला कप्पा तेवढा बदलायचा आणि बाकीचा सांधा लिगामेंटसकट, म्हणजे हाडे बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांसकट, जागच्या जागी राहू द्यायचा, ही कल्पना १९५०च्या दशकातल्या धातूच्या चकत्यांपासून चालत आली आहे. १९७०च्या दशकात मांडीच्या आणि नडगीच्या अशा दोन्ही हाडांवर भाग बसू लागले. दशक संपताना अमेरिकेतून आलेले निकाल मात्र निराशाजनक होते आणि अनेक सर्जन पूर्ण सांधेबदलाकडे वळले. त्या काळात रुग्ण निवडताना गुडघ्याच्या मध्यातल्या पुढच्या क्रुशिएट लिगामेंटला, म्हणजे नडगी पुढे घसरू न देणाऱ्या एसीएलला, फारसे महत्त्व दिले जात नव्हते.

ते महत्त्व १९८०च्या दशकात कळले. फसलेल्या आंशिक बदलांमागे न ओळखलेले फाटके एसीएल वारंवार सापडते, असे १९८७मध्ये फ्रान्समधून छापून आले. पुढच्या वर्षी, दोन भागांमध्ये सरकती प्लास्टिकची चकती वापरणाऱ्या ब्रिटिश गटाने पहिल्या १०३ गुडघ्यांचा हिशेब मांडला. एसीएल धड असलेल्यांत अपयश ४.८ टक्के होते, खराब असलेल्यांत किंवा नसलेल्यांत १६.२ टक्के. १९८९मध्ये अमेरिकेतून आलेल्या निकषांत वय ६०च्या वर, वजन ८२ किलोच्या आत आणि पुढचे-मागचे दोन्ही क्रुशिएट शाबूत अशा अटी होत्या. वय-वजनाच्या अटी पुढच्या निकालांसमोर टिकल्या नाहीत. एसीएलची अट टिकली, आणि सरकत्या चकतीच्या बाबतीत ती योग्यच आहे.

यामागचे कारण १९९१मध्ये स्पष्ट झाले. शस्त्रक्रियेत काढलेले नडगीच्या हाडाचे ४६ तुकडे तपासले, तेव्हा एसीएल काम करत असलेल्या गुडघ्यात झीज आतल्या कप्प्याच्या पुढच्या भागापुरती असते आणि मागची कूर्चा, म्हणजे हाडावरचा गुळगुळीत थर, वाचलेली असते, असे दिसले. गुडघा वाकला की मांडीचे हाड मागच्या चांगल्या कूर्चेवर जाते. त्यामुळे आतल्या बाजूचे लिगामेंट आखडत नाही आणि सांध्याचा बाक हाताने सरळ करता येतो. एसीएल गेले की मांडीचे हाड मागे घसरते, झीज मागच्या कडेपर्यंत पोहोचते, लिगामेंट आखडते आणि हळूहळू बाहेरचा कप्पाही बिघडतो. बाजूने काढलेल्या साध्या एक्स-रेवर मागची कड शाबूत दिसणे हा एसीएलचा भरवशाचा पुरावा ठरला, तो यामुळेच.

एमआरआय सर्रास होऊ लागल्यावर प्रश्न गुंतागुंतीचा झाला. १९८०च्या दशकातल्या सर्जनने ‘शाबूत’ म्हटले, तेव्हा त्याने सांधा उघडून लिगामेंट हुकने ओढून पाहिलेले असे. एमआरआयचा अहवाल सांगतो ते सिग्नलबद्दल, म्हणजे चित्रात लिगामेंट किती उजळ किंवा गडद दिसते त्याबद्दल. संधिवाताने झिजलेल्या गुडघ्यात ही दोन उत्तरे वरचेवर वेगळी येतात. एसीएल जिथून जाते त्या मांडीच्या हाडाच्या खाचेत वाढलेली हाडाची टोके लिगामेंटला घासतात. आधी वरचे आवरण जाते, मग तंतूंमध्ये उभ्या चिरा पडतात, तंतू ठिसूळ होतात आणि शेवटी लिगामेंटच नाहीसे होते. यातल्या पहिल्या दोन टप्प्यांत ते आपले काम बहुधा करत असते, पण पडद्यावर ते सुजलेले आणि धूसर दिसते. त्यात म्युकॉइड डिजनरेशनची भर. १९९०च्या दशकाच्या अखेरीस त्याची ठळक वर्णने आली. तंतूंच्या मधे चिकट द्रव्य साचते, लिगामेंट फुगते, तंतू मात्र टोकापासून टोकापर्यंत सलग असतात. रेडिओलॉजिस्ट त्याला सेलरीच्या देठाची उपमा देतात. घाईत वाचले तर अहवालात ‘अंशतः फाटलेले’ असे येते, आणि त्या दोन शब्दांवर पूर्ण सांधेबदल ठरतो आणि चांगली कूर्चा असलेला अर्धा गुडघा कापून काढला जातो. हे नुकसान भरून येणारे नाही, म्हणून हा मुद्दा तपशिलाचा म्हणून सोडून देता येत नाही.

पुरावाही त्याच दिशेने जात राहिला. आंशिक बदलाच्या निवडीत एमआरआयची भूमिका मर्यादित असल्याचे २००१मध्ये ब्रिटनमधून मांडले गेले. २०१३मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या मालिकेत शस्त्रक्रियेआधीचा बिघडलेला एमआरआय आणि नंतरचे अपयश यांचा संबंध सापडला नाही. अर्थात हे रुग्ण तपासून, एक्स-रे पाहून आधीच निवडलेले होते. निवड न करता कोणालाही हा निष्कर्ष लावला तर फसगत होईल.

एसीएल खरोखरच नसेल तर काय, हा वाद अजून मिटलेला नाही. स्थिर चकतीच्या सांध्यांबाबत २००४मध्ये फ्रान्समधून सांगितले गेले, की एसीएल नसेल तर नडगीकडच्या भागाचा मागचा उतार ७ अंशांपुढे नेऊ नये. गुडघा निसटण्याची तक्रार नसलेल्या वयस्कांत असे सांधे बरे टिकल्याचेही अहवाल आहेत. तरुणपणी खेळताना एसीएल तुटले आणि झीज नंतर आली, अशांची गोष्ट वेगळी. त्यांच्यात लिगामेंटची पुनर्बांधणी आणि आंशिक बदल एकत्र केले जातात. दुखापतीचा असा इतिहास असेल किंवा हाडाचा तुकडा मृत झाल्याची शंका असेल, तर एमआरआय काढण्यात अर्थ आहे.

२०१९मध्ये ब्रिटनमधल्या ५२८ रुग्णांच्या चाचणीचे पाच वर्षांचे निकाल आले. गुडघ्याच्या कामात आंशिक आणि पूर्ण बदल जवळपास सारखे ठरले आणि आंशिक बदलाचा खर्च कमी आला. त्यामुळे अधिक रुग्णांना हा पर्याय देण्याचा आग्रह वाढला आहे. एसीएलबद्दल शंका उरली तर आंशिक आणि पूर्ण अशा दोन्ही शस्त्रक्रियांची संमती आधी घेतली जाते आणि सांधा उघडल्यावर लिगामेंट ओढून पाहून निर्णय होतो.