पार्श्वभूमी : वाचता न येणाऱ्या मराठी फायली

कोकणातल्या एखाद्या मच्छीमार सोसायटीची पंचवीस वर्षांपूर्वी टंकलेली सभासदांची यादी आजच्या संगणकावर उघडावी, तर नावांच्या जागी बहुधा रोमन अक्षरे, कंस आणि टिंबे यांची खिचडी दिसते. फाईल बिघडलेली नसते; ज्या फॉन्टात ती टंकली तो फॉन्ट या संगणकावर नसतो, एवढेच.

त्या काळच्या डीटीपी फॉन्टांनी काना, वेलांटी, अर्धा श असे देवनागरीचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवले होते आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी होती. मानक नव्हते असे मात्र नाही. भारतीय लिप्यांतील प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेतांक देणारे इस्की हे मानक भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्येच प्रसिद्ध केले होते. पण छापील प्रत नीट उमटली की काम झाले, अशी सर्वांची समजूत असल्याने फायलीत काय साठते आहे याची फिकीर फारशी कोणी केली नाही.

जगभरच्या लिप्यांना एकाच संकेतावलीत आणणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच; तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेली होती. तरी मराठीच्या खास गरजा पुरत्या भागायला वेळ लागला. ‘ॲ’ला स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ च्या ५.१ आवृत्तीत. ‘कऱ्हाडे’ या आडनावातला अर्धा र आजही दोन प्रकारे साठवता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेणारी आज्ञावली साधी असेल तर एक सापडतो आणि दुसरा निसटतो. नोव्हेंबर २००९ मध्ये केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड ५.१ हे मानक अधिसूचित केले.

लिपीचा प्रश्न असा मार्गी लागत असताना दस्तऐवजाच्या साच्याचा, म्हणजे फाईल कोणत्या रचनेत जतन करायची याचा, वाद पेटला होता. ओपन डॉक्युमेंट हा खुला साचा २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला. मायक्रोसॉफ्टच्या साच्याला २००८ मध्ये भारताने विरोधी मत देऊनही मान्यता मिळाली. केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०१० च्या खुल्या मानकांच्या धोरणात म्हणूनच एका कामासाठी एकच मानक आणि तेही स्वामित्वशुल्काविना, असा आग्रह दिसतो. २०१५ च्या मुक्त स्रोत धोरणाने, ज्याची मूळ आज्ञावली सर्वांना खुली असते अशा सॉफ्टवेअरला पसंती द्यावी आणि पुरवठादाराने ते वगळले तर त्याच्याकडून कारण घ्यावे, असे सरकारी कार्यालयांना सांगितले.

माझ्या मते धोरणाची दिशा योग्य होती, पण त्याची नजर पुढच्या कामावर होती. जुनी फाईल युनिकोडमध्ये आणणारी परिवर्तके मिळतात, मात्र त्यांना फॉन्टाचे नाव सांगावे लागते. ते ठाऊक असलेला तालुक्याचा डीटीपीवाला धंदा बंद करून मुंबईला गेलेला असला, तर कपाटातली छापील प्रत काढून नव्याने टंकावी लागते, तीही कोकणातल्या पावसाळ्यांनी आणि वाळवीने शिल्लक ठेवली असेल तर.