केस मिटली, नोंद नाही

आमच्याकडं ‘मिटली’ या एका शब्दानं जेवढी पोरं घरी बसवली, तेवढी कुठल्या कलमानं बसवली नसतील. बांधावरचं भांडण मिटतं, सोयरिकीतला रुसवा मिटतो, तशी केसही ‘मिटते’. मग पोरगं पोलीस भरतीसाठी पहाटे उठून सोळाशे मीटर मारतं, लेखी काढतं, निवड यादीत नाव येतं, घरी पेढे येतात. आणि पडताळणीसाठी भरून द्यायच्या साक्षांकन नमुन्यात ‘आपणावर कधी गुन्हा दाखल झाला होता काय?’ या प्रश्नापुढं ते बिनधास्त ‘नाही’ लिहितं. फसवायचं म्हणून नाही. केस मिटलेली असते ना!

बीड जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात मी वकिली करतो. प्रत्येक भरतीनंतर असं एखादं पोरगं बापाला घेऊन टेबलासमोर उभं राहतंच. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

निर्दोष सुटका म्हणजे काय, हे सांगायची गरज नाही. खटला चालला, पुरावा टिकला नाही, सुटला. ज्याच्या घरात कोर्टाची तारीख येऊन गेली त्याला हे वकिलाइतकंच कळतं. दोषारोप ठेवण्याआधी सुटला तर त्याला डिस्चार्ज म्हणतात आणि नंतर सुटला तर निर्दोष मुक्तता. हा फरक कायद्याच्या परीक्षेत विचारतात, नोकरीत त्याच्यावाचून फारसं अडत नाही.

अडतं ते पुढं. केस संपणं आणि नोंद पुसली जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आपल्याकडं रोज घडते. दुसरी जवळजवळ घडतच नाही. इंग्लंडात १९७४ पासून तसा कायदा आहे. किरकोळ शिक्षा झालेल्या माणसानं ठरावीक वर्षं नीट काढली, की बहुतेक नोकऱ्यांसाठी ती शिक्षा जमेस धरत नाहीत. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत कोर्टाकडून नोंद पुसून किंवा बंद करून घेता येते. पोरं मोबाइलवर हे बघतात आणि मला विचारतात, ‘सर, आपला रेकॉर्ड क्लिअर करायचा अर्ज कुठं मिळतो?’ प्रौढ माणसासाठी असा सरसकट अर्ज भारतात नाही. जो कोणी पैसे घेऊन ‘रेकॉर्ड काढून देतो’ म्हणतो, तो तुमच्या खिशातले पैसे काढून घेतोय.

आता मुख्य गाठ. कोर्ट ज्याचा निकाल देतं तो प्रश्न ‘यानं गुन्हा केला का?’ असा असतो. नमुन्यातला प्रश्न असतो ‘याच्यावर गुन्हा दाखल झाला होता का? याला अटक झाली होती का?’ पहिल्याचं उत्तर निकालानं बदलतं. दुसऱ्याचं उत्तर कुठल्याच निकालानं बदलत नाही, कारण तो घडून गेलेल्या गोष्टीबद्दल आहे. तुम्ही निर्दोष सुटलात तरी २०१८ साली तुमच्यावर गुन्हा दाखल झाला होता, हे खरंच राहतं. औरंगाबाद खंडपीठानं गुन्हाच रद्द केला तरी तो दाखल झाला होता म्हणूनच रद्द करावा लागला. त्यामुळं या रकान्यात ‘नाही’ लिहिलं की ते खोटं ठरतं. नमुन्याच्या माथ्यावर तशी ताकीद छापलेली असते, पण ती वाचतो कोण?

याचा गुंता सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये अवतार सिंग यांच्या प्रकरणात बराचसा सोडवला. मी तो निकाल अशिलांना तोंडी सांगतो तो असा: माहिती खरी द्या, मग केस चालू असो, सुटका झालेली असो नाहीतर शिक्षा झालेली असो. खरी माहिती दिल्यावरही तुम्हाला घ्यायचं का नाही, हे ठरवायचा अधिकार मालकाला, म्हणजे नोकरी देणाऱ्याला, आहे. पण प्रकरण किरकोळ असेल, उदाहरणार्थ तरुण वयातल्या घोषणाबाजीचं, तर लपवल्याची चूकही मालक पदरात घेऊ शकतो. ‘शकतो’ या शब्दावर बोट ठेवा. पदरात घेणं त्याच्या मर्जीवर आहे, तुमच्या हक्कात नाही.

म्हणजे गंमत बघा. गावच्या जत्रेतल्या ढकलाढकलीची केस लिहिली असती तर नोकरी मिळण्याची बरीच शक्यता होती. लपवली म्हणून पोरगं उडालं. अशाच एका पोराचा बाप मला म्हणाला, ‘वकीलसाहेब, तुमीच म्हणले होते ना, केस संपली म्हणून?’ म्हणालो होतो. कोर्टाच्या पायऱ्या उतरताना, पाठीवर थाप मारून. तेव्हापासून मी तो शब्द जपून वापरतो आणि सुटलेल्या प्रत्येकाला आधी निकालाची नक्कल काढायला कोर्टाच्या नक्कल विभागाकडं पाठवतो.

भरतीच्या ॲकॅडमीतले ‘सर’ मात्र अजून सांगतात, ‘सुटलाय ना? मग काही लिहू नको, उगं चौकशी लागते.’ चौकशी लागणारच आहे, तिचं नावच पडताळणी! पोलीस ठाण्याचं रजिस्टर आहे, ठाण्यांच्या नोंदी संगणकावर जोडणारी सीसीटीएनएस यंत्रणा आहे आणि ई-कोर्टच्या संकेतस्थळावर तर नाव टाकलं की घरबसल्या केस दिसते. लपवायला जागाच उरलेली नाही.

‘केस मिटली’ या एका झाकणाखाली आणखी दोन उलट गोष्टी शिजतात आणि इथं माझं डोकं खरंच फिरतं. एक म्हणजे तडजोड. शिवीगाळ, साधी मारहाण, धमकी अशा कलमांत फिर्यादीनं कोर्टापुढं तडजोड केली की तिचा परिणाम निर्दोष सुटकेसारखाच असतो. दुसरी म्हणजे गुन्हा कबूल करून दंड भरणं. ‘पाचशे रुपये भर अन् मोकळा हो, तारखा कोण करत बसंल’ हा सल्ला आमच्याच बार रूममधून निघतो, हे लाजत लाजत कबूल करतो. दंड भरून बाहेर पडलेला माणूस मोकळा झालेला नसतो, तो दोषी ठरलेला असतो. जुगाराच्या अड्ड्यावर नुसता बघत उभा राहिलेला पोरगा कबुली देऊन आला, तर त्याच्या नावावर आयुष्यभराची दोषसिद्धी बसली. कबुली द्यायचीच असेल तर निदान १९५८ च्या गुन्हेगार परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडायची विनंती करा. त्या कायद्याचं बारावं कलम दोषसिद्धीमुळं येणारी अपात्रता काढून टाकतं. दोषसिद्धी काढत नाही, ती लिहावी लागतेच. पण दंडाच्या पावतीपेक्षा हा कागद शंभर पटीनं बरा.

तडजोडीचाही गावठी अवतार आहे. सरकारी नोकराला अडवल्याचं जुन्या दंड संहितेतलं ३५३ कलम लागलं, म्हणजे नव्या भारतीय न्याय संहितेतलं १३२, तर कायद्यानं तडजोड होत नाही. मग साक्षीदार फिरतात, पंच ‘मला आठवत नाही’ म्हणतात आणि सुटका होते. निकालपत्रात मात्र ‘साक्षीदार फितूर’ आणि ‘संशयाचा फायदा’ हे शब्द कायमचे बसतात. पोलीस खात्याची निवड समिती नेमके तेच वाचते. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये मेहर सिंग यांच्या प्रकरणात स्पष्ट केलंय की अशी सुटका झाली म्हणून पोलिसांत नेमणुकीचा हक्क मिळत नाही. कारखान्यातल्या हेल्परच्या कामाला एवढं कोणी बघत नाही. वाळूजला सुरक्षारक्षक म्हणून लागायचं असेल तर बघतात, कारण खासगी सुरक्षा एजन्सीच्या कायद्यातच पूर्वचारित्र्याची पडताळणी सांगितलेली आहे.

आंदोलनातले गुन्हे हा तर मराठवाड्याचा घरचा विषय. पेपरात ‘गुन्हे मागे’ असा मथळा आला की पोरं केस संपली म्हणून धरतात. मथळ्यानं केस संपत नाही. सरकार ठरवतं, समिती यादी करते, मग सरकारी वकील कोर्टात अर्ज देतो आणि कोर्टानं संमती दिली तरच खटला मागे जातो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे ३२१ कलम होतं, १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ३६० आहे, आणि आता पीडिताचंही ऐकून घ्यावं लागतं. जीवितहानी झालेली नसावी, नुकसान पाच लाखांच्या वर नसावं, अशा अटी शासन निर्णयांत असतात. म्हणजे रास्ता रोकोची केस आणि जाळपोळीची केस एका घोषणेनं एकत्र जात नाहीत. आपल्या केसचा नंबर त्या यादीत आहे का, अर्ज दाखल झाला का, आदेश झाला का, हे तिन्ही वेगवेगळं विचारा. आणि खटला मागे गेला तरी रकान्यात ‘होय’च येतं.

खरीखुरी पुसणी एकाच ठिकाणी आहे आणि तिची आठवण कोणाला नसते. घटनेच्या दिवशी वय अठराच्या आत असेल तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं २४ वं कलम अपात्रता लागू देत नाही आणि अपिलाची मुदत संपल्यावर नोंद नष्ट करायला सांगतं. ७४ वं कलम पोलिसांना बजावतं की निकाली निघालेल्या प्रकरणाची नोंद चारित्र्य दाखल्यासाठी उघड करायची नाही. सोळा वर्षांवरच्या मुलानं केलेल्या अतिगंभीर गुन्ह्याला अपवाद आहे, बाकी सवलत मोठी आहे. अडचण अशी की मोर्चात धरलेल्या सतरा वर्षांच्या पोराचं वय ठाण्यात ‘अंदाजे १९’ लिहिलं जातं आणि घरचे शाळा सोडल्याचा दाखला कपाटात ठेवून बसतात. तो दाखला पहिल्याच तारखेला कोर्टात द्या.

बाकीच्यांनी करायचं ते थोडकं आहे. निकालाची प्रमाणित नक्कल काढा, एक प्रत ठाण्यात देऊन पोच घ्या. कोर्टाचा निकाल ठाण्याच्या नोंदीत आपोआप चढतो असं समजू नका. माझ्या एका अशिलाची सुटका होऊन चार वर्षं झाली तरी चारित्र्य दाखल्यावर ‘प्रकरण न्यायप्रविष्ट’ असं आलं होतं. कोर्टात प्रत्येक केसला मिळणारा सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक मोबाइलमध्ये साठवून ठेवा. आणि रकान्यात असं लिहा: ‘होय. अमुक पोलीस ठाणे, गुन्हा क्रमांक अमुक, कलमे अमुक, अमुक न्यायालयात अमुक तारखेस निर्दोष मुक्तता, नक्कल जोडली आहे.’ रकाना बोटभर असतो, एवढं मावत नाही. ‘सोबत स्वतंत्र कागद जोडला आहे’ असं लिहून कागद टाचा आणि त्यावरही सही करा. सही राहते बऱ्याच जणांची.