'जीटीओ'मधला 'ओ'

गाड्यांवरची जीटी, म्हणजे ग्रान तुरिस्मो, ही अक्षरं आता कुणाला समजावून सांगावी लागत नाहीत. चाकणला तयार झालेल्या १.२ लिटरच्या पोलोच्या पाठीवरही ती होतीच. खरा घोळ तिसऱ्या अक्षराचा. जीटीआयमधला आय इंधनाच्या इंजेक्शनचा आणि तो फोक्सवॅगन गोल्फच्या आधी मासेराटीने ३५०० जीटीआयवर लावला. फेरारीच्या जीटीएसमधला एस स्पायडरचा (उघड्या छताच्या गाडीचा), पोर्शच्या ९०४ जीटीएसमधला मात्र स्पोर्टचा. तरीही सगळ्यात जास्त वाद झाला तो 'ओ'वर.

१९६२ साली फेरारीने २५० जीटीओ आणली. यातला २५० म्हणजे एका सिलिंडरची क्षमता, घन सेंटिमीटरमध्ये. बारा सिलिंडर मिळून तीन लिटर. ओ म्हणजे 'ओमोलोगातो', शर्यतीच्या जीटी गटात उतरायला मान्यता मिळालेली. ही मान्यता हवी तर बारा महिन्यांत किमान १०० गाड्या बनवायच्या, असा नियम होता. फेरारीने १९६४ पर्यंत मिळून बनवल्या ३६.

मग मान्यता मिळाली कशी? कंपनीने अर्ज केला तो नव्या गाडीचा नाहीच. आधीच्या, आखूड व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांत कमी अंतर असलेल्या) २५० जीटीची ही सुधारित आवृत्ती, अशी मांडणी केली. जुन्या गाडीचा आकडा जमेला होता आणि मान्य गाडीवर वेगळी बॉडी चढवायला नियमात वाव होता. नियामकांनी होकार दिला. चासी क्रमांकांत मुद्दाम मधले आकडे गाळून गाड्यांची संख्या फुगवली, ही कथा अजून चवीने सांगितली जाते. पण फेरारीच्या रस्त्यावरच्या सगळ्या मॉडेलांना विषम क्रमांक एकाच ओळीतून मिळत. एका मॉडेलचे क्रमांक सलग येणं शक्यच नव्हतं. पळवाट होती, पण ती नियमात लिहिलेली होती. प्रतिस्पर्ध्यांना ती दिसली नाही, हा फेरारीचा दोष कसा?

तोच डाव फेरारीच्या पुढच्या २५० एलएम या गाडीच्या वेळी मात्र फसला. इंजिन चालकाच्या पुढून पाठीमागे गेलेलं, आणि तरी ही जुन्याच गाडीची पुढची पायरी असल्याचा दावा. पहिली गाडी सोडली तर बाकीच्यांत ३.३ लिटरचं इंजिन होतं, म्हणजे फेरारीच्याच हिशेबाने नाव २७५ हवं होतं. ते २५० च राहिलं, कारण दावा नावावरच उभा होता. या वेळी नियामकांनी नकार दिला. संतापलेल्या संस्थापक एन्झो फेरारीने १९६४ च्या शेवटच्या दोन फॉर्म्युला वन शर्यतींत आपल्या गाड्या इटलीच्या लाल रंगाऐवजी अमेरिकी संघाच्या निळ्या-पांढऱ्या रंगात उतरवल्या. एलएमने पुढे, किमान आकड्याची अट नसलेल्या प्रोटोटाइप गटात धावून १९६५ ची ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली, हेही इथे सांगायला हवं.

दरम्यान अमेरिकेच्या पॉन्टिअॅकने १९६४ च्या मॉडेलसाठी ही तीन अक्षरं सरळ उचलली. तिच्या मूळ समूहाने, जनरल मोटर्सने, शर्यतींतून अंग काढून घेतलेलं, मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांहून मोठं इंजिन चालणार नाही असा अंतर्गत दंडकही होता. म्हणून ३८९ घन इंचांचं इंजिन टेम्पेस्ट लेमान्ससोबत मिळणारं जादा पॅकेज म्हणून विकायला काढलं. मान्यता कसलीच नव्हती. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या गेल्या. फेरारीप्रेमींना हे नाव झोंबलं, आणि त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही.

फेरारीची १९८४ ची २८८ जीटीओ 'ग्रुप बी' या शर्यतींच्या गटासाठी होती. त्यासाठी २०० गाड्या पुरेशा होत्या, कंपनीने २७२ बनवल्या. या वेळी आकडा चोख, पण १९८६ नंतर ग्रुप बीच गुंडाळला गेला आणि गाडी ज्या शर्यतींसाठी घडवली त्या तिच्या वाट्याला आल्याच नाहीत.

२०१० च्या ५९९ जीटीओसमोर कुठल्या शर्यतीचा नियमच नव्हता. फक्त ट्रॅकवर चालणाऱ्या ५९९ एक्सएक्सला रस्त्यावर आणायची परवानगी, एवढाच तिच्या 'ओ'चा आधार. म्हणजे जवळपास आरटीओचं पासिंग. गाड्या किती काढायच्या हेही मग नावावरूनच ठरलं : ५९९.